हृदयाला जुळवून घ्यायला लागणारी तीन मिनिटं

११ जानेवारीच्या संध्याकाळी मानेत धडधड सुरू झाली आणि या वेळी ती थांबेना. याआधी दोन वर्षांत असं सात-आठ वेळा झालं होतं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत व्हायचं आणि ईसीजी अगदी स्वच्छ यायचा. त्या दिवशी चाळीस मिनिटं झाली तरी तेच चालू होतं. तातडीच्या विभागात यंत्राला जोडलं तेव्हा ठोके मिनिटाला १८८ होते. ६ मिलिग्रॅम अ‍ॅडेनोसिन शिरेतून झटकन दिलं. छाती आतून रिकामी झाल्यासारखं काही सेकंद वाटलं आणि ठोके ताळ्यावर आले.

ताई सोबत होती. तिनं त्या १८८ च्या पट्टीचा मोबाइलवर लगेच फोटो काढला. पुढच्या तीन महिन्यांत हा फोटो मी निदान सहा जणांना दाखवला असेन. अशा पट्टीचा कागद उष्णतेनं उमटणारा असतो, काही महिन्यांत पुसट होतो. म्हणून झटक्याची, म्हणजे अशा धडधडीची, नोंद कधी मिळालीच, तर आधी तिचा फोटो काढून ठेवा.

हे सगळं लिहायचं कारण असं, की मार्चमध्ये माझी इलेक्ट्रोफिजिऑलॉजीची (हृदयातल्या विजेच्या वाटा आत तारा घालून बघण्याची) तपासणी आणि अ‍ॅब्लेशन (झटके आणणारी वाट बंद करण्याचा उपचार) झालं, आणि त्याच टेबलावर मी एका छोट्या संशोधनातही भाग घेतला. हृदयाचा वेग बाहेरून बदलला, तर त्याची विद्युत पूर्ववत होण्याची क्रिया त्या वेगाशी किती वेळात जुळवून घेते, हे त्यात मोजायचं होतं. संमतीपत्र हातात आलं तेव्हा यावर रुग्णाच्या बाजूनं लिहिलेलं काही मला सापडलं नाही. आता कोणी तसं शोधत असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं.

पण मी त्या संशोधनात शिरले ती एका चुकीच्या आकड्यामुळे, त्यामुळे आधी ते सांगते.

१९ जानेवारीला बाह्यरुग्ण विभागात नेहमीचा ईसीजी होता. एका खाटेवर अर्धा तास आडवी पडून मी वाट बघत होते. नाव पुकारल्यावर ताडकन उठले, चार पावलं चालून यंत्राशेजारच्या खाटेवर गेले. पाठ टेकते न टेकते तोच तारा लावून नोंद काढली. ठोके १०४. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यंत्रानंच छापलं होतं: क्यूटीसी ४७८, ‘प्रोलाँग्ड क्यूटी’, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीनं पूर्ववत व्हायला लागणारा काळ लांबलेला. कागद हातात देणाऱ्यानं एवढंच सांगितलं, “मोठ्या डॉक्टरांना दाखवा.” मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली २८ जानेवारीची.

ते नऊ दिवस फार वाईट गेले. ‘लाँग क्यूटी’ शोधलं की अचानक मृत्यू हे शब्द दुसऱ्या ओळीत येतात. रात्री कुशीवर वळले की उशीत ठोके ऐकू यायचे आणि मी ते मोजत बसायचे. ताई म्हणायची, “अगं, डॉक्टरांनी अजून बघितलंही नाही.” ते कळत होतं, पण झोप लागत नव्हती.

२८ तारखेला डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “ही नोंद काढायच्या आधी तुम्ही काय करत होतात?” मी सांगितलं. त्यांनी मला तिथेच आडवं केलं, दिवा मंद केला आणि दहा मिनिटं कोणी माझ्याशी बोलायचं नाही असं सिस्टरना बजावलं. मग नवी नोंद काढली. ठोके ७२, क्यूटी ३९० मिलिसेकंद, क्यूटीसी ४२७. बायकांमध्ये साधारण ४६० च्या वर गेलं तर वाढलेलं मानतात, पुरुषांमध्ये ४५० च्या वर.

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते.

ईसीजीतली उंच टोकदार लाट म्हणजे खालचे कप्पे विजेनं भारले जाऊन आकुंचन पावायला निघाल्याची खूण. त्यानंतर येणारी बुटकी गोल लाट, टी, ही त्याच पेशी पूर्ववत होत असल्याची खूण. पूर्ववत झाल्याशिवाय त्या पुढचा ठोका नीट घेऊ शकत नाहीत. त्या टोकदार लाटेच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी. ठोके जलद झाले की हा काळ आखडावाच लागतो, नाहीतर पुढचा ठोका आधीच्या ठोक्याच्या अंगावर येऊन पडेल. वेगवेगळ्या वेगांवरचे क्यूटी एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून त्यात वेगाप्रमाणे दुरुस्ती करतात. तो दुरुस्त केलेला आकडा म्हणजे क्यूटीसी.

दुरुस्तीची दोन गाजलेली सूत्रं १९२० या एकाच वर्षी आली. बॅझेट यांच्या सूत्रात क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळानं भागतात, फ्रिडेरिसिया यांच्या सूत्रात घनमुळानं. बहुतेक यंत्रं बॅझेट वापरतात, आणि वेग वाढलेला असताना बॅझेट आकडा फुगवतं. घरी येऊन मी स्वतः गणित केलं. १९ जानेवारीच्या नोंदीत क्यूटी ३६३ होता, दोन ठोक्यांमधलं अंतर ०.५७७ सेकंद. बॅझेटनं ४७८ येतं, फ्रिडेरिसियानं ४३६. कागद तोच, हृदय तेच, फरक ४२ मिलिसेकंदांचा. नऊ रात्री मी ज्या आकड्याला भ्यायले, त्याचा बराचसा भाग सूत्रातून आलेला होता.

उरलेला भाग मात्र सूत्राचा नव्हता. दोन्ही सूत्रं एक गोष्ट धरून चालतात: आत्ता जो वेग दिसतोय तोच गेली काही मिनिटं होता. माझा वेग जेमतेम अर्ध्या मिनिटापूर्वी सत्तरच्या आसपास होता. ठोके चटकन वाढले, क्यूटी मागे राहिला. जुन्या वेगाचा लांब क्यूटी आणि नव्या वेगाचं छोटं अंतर एकाच भागाकारात आले. डॉक्टर म्हणाले, “ताडकन उठल्यावर असा ताणलेला क्यूटी निरोगी माणसातही दिसतो. क्यूटीला नव्या वेगाशी जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. ती त्याला द्यायची.”

खात्री करून घ्यायला ४ फेब्रुवारीला ट्रेडमिल झाली. मी समजत होते की धावतानाचा भाग महत्त्वाचा. त्यांना हवी होती थांबल्यानंतरची नोंद, विशेषतः विश्रांतीच्या चौथ्या मिनिटाची. लाँग क्यूटीच्या निदानासाठी जी गुणपद्धत वापरतात, तिच्यात चौथ्या मिनिटाला क्यूटीसी ४८० किंवा त्याहून जास्त असेल तर एक गुण धरतात. माझा त्याच्या बराच खाली होता. तुमची ट्रेडमिल असेल, तर पट्टा थांबल्यावर लगेच तारा काढायची घाई करू नका, कोणी करत असेल तर विचारा.

लाँग क्यूटीची शंका तिथे मिटली. झटक्यांचं निदान एव्हीएनआरटी असं झालं. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या गाठीजवळ विजेला जायला एकाऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ, आणि कधीकधी वीज त्या दोन वाटांमध्ये गोल फिरत राहते. उपाय म्हणजे अ‍ॅब्लेशन, संथ वाट उष्णतेनं बंद करणं. यश ९५ टक्क्यांहून जास्त. मुख्य धोका असा, की शेजारच्या नेहमीच्या वाटेला इजा होऊन कायमचा पेसमेकर लागू शकतो. तशी शक्यता साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी. हा एक टक्का त्यांनी दोनदा सांगितला आणि मलाही परत म्हणायला लावला, हे मला आवडलं.

संशोधनाचा विषय त्याच बैठकीत निघाला. अ‍ॅब्लेशनसाठी तारा हृदयात जाणारच आहेत, त्यातली एक उजव्या खालच्या कप्प्यात असेल. अ‍ॅब्लेशनच्या आधी त्या तारेतून ठरावीक वेगानं ठोके द्यायचे, मग एकदम वेग वाढवायचा, मग एकदम कमी करायचा, आणि प्रत्येक ठोक्याचा क्यूटी मोजायचा. जास्तीचा वेळ अर्धा तास. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. त्यांनी सही घेतली नाही. “माहितीपत्रक घरी न्या, निदान एक दिवस विचार करा,” म्हणाले.

ते अकरा पानी माहितीपत्रक मी आणि ताईनं दोन संध्याकाळी बसून वाचलं. मी पेन्सिलीनं खुणा केल्या आणि संशोधन समन्वयक बाईंना पाच प्रश्न विचारले. ते इथे देते, कारण कोणत्याही अशा अभ्यासात ते लागू पडतील. संशोधनासाठी वेगळी तार किंवा वेगळं छिद्र लागेल का? नाही. क्ष-किरण जास्त लागतील का? नाही, तार जागेवर असेल, नुसते ठोके द्यायचेत. मी मधेच नको म्हटलं तर? लगेच थांबवतील आणि उपचारावर काही परिणाम होणार नाही. या अर्ध्या तासाचे पैसे कोणाकडून? संशोधनाच्या निधीतून. माझी नोंद मला मिळेल का? या प्रश्नाला त्या थोड्या थांबल्या, मग म्हणाल्या, अर्ज केलात तर मिळेल. तो अर्ज मी त्याच दिवशी लिहून दिला.

यानंतर कागदांचा फेरा सुरू झाला. १० मार्च ही तारीख मिळाली होती. विम्याच्या पूर्वमंजुरीसाठी फाइल गेली, तर तिच्यात कोणीतरी संशोधनाचं संमतीपत्रही जोडलेलं. विमेवाल्यांनी ‘हा प्रायोगिक उपचार आहे का’ अशी विचारणा करून फाइल परत पाठवली. उपचार प्रमाणित आहे, संशोधन वेगळं आहे आणि त्याचा खर्च बिलात नाही, असं पत्र डॉक्टरांकडून आणायला तीन फेऱ्या आणि आठ दिवस गेले. उपचाराची फाइल आणि संशोधनाची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, आणि विम्याकडे जाणाऱ्या गठ्ठ्यातलं प्रत्येक पान आधी स्वतः बघा.

त्यातच मला खोकला झाला आणि जवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं. शेवटची गोळी ६ मार्चला घेतली. ७ तारखेला समन्वयक बाईंचा नेहमीचा फोन आला. औषधांची यादी विचारताना मी हे सहज सांगितलं आणि त्या एकदम गंभीर झाल्या. हे औषध क्यूटी लांबवू शकतं, आणि शरीरातून पूर्ण जायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. तारीख २४ मार्चवर गेली. सुट्टी, ताईची रजा, सगळं पुन्हा मांडावं लागलं, आणि मी खरंच चिडले होते. पण मी ते सांगितलं नसतं तर मोजमाप वाया गेलं असतं. खोकल्याचं, उलटीचं, अ‍ॅलर्जीचं, कुठलंही किरकोळ औषध असो, यादीत सांगाच. क्यूटीवर परिणाम करणारी औषधं या सगळ्या प्रकारांत आहेत.

१९ मार्चपासून मेटोप्रोलॉल, ठोके आवरणारं माझं औषध, बंद करायला सांगितलं, म्हणजे झटका टेबलावर मुद्दाम सुरू करून बघता येईल. मला या पाच दिवसांचीच जास्त भीती वाटत होती. २१ तारखेच्या रात्री झटका आलाच. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे अर्धवट बसून रिकाम्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोरात फुंकलं, मग ताईनं मला सपाट आडवं करून दोन्ही पाय १५ सेकंद वर धरले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा पाय वर असतानाच धडधड खटकन थांबली. हे कसं करायचं ते औषध बंद करण्याआधी डॉक्टरांसमोर एकदा करून बघा, आणि घरातल्या कोणालातरी दाखवून ठेवा.

२३ ला दाखल झाले. रक्तात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहिलं. ते कमी असतील तर क्यूटी बिघडतो, संशोधनातून बाद.

२४ मार्च, सकाळी पावणेनऊ. प्रयोगशाळा खूप थंड असते, पायमोजे चालतील का ते विचारा, मला घालू दिले. टेबल अरुंद. वर क्ष-किरण यंत्राचा मोठा वाकलेला हात, शिशाचे एप्रन घातलेली माणसं, काचेपलीकडे पडद्यांची रांग. जांघेत बधिर करायचं इंजेक्शन चरचरलं, त्यानंतर फक्त दाब जाणवला. मी पूर्ण जागी होते. झोपेची औषधं ठोक्यांवर परिणाम करू शकतात म्हणून मोजणी होईपर्यंत दिली नाहीत. याची कल्पना माहितीपत्रकात होती.

काचेपलीकडून आवाज आला, “सहाशेवर घ्या.” मी दचकले. इथे वेग ठोक्यांत बोलत नाहीत, दोन ठोक्यांमधल्या अंतरात बोलतात, मिलिसेकंदांमध्ये. सहाशे म्हणजे मिनिटाला १००. आकडा लहान झाला की वेग वाढतो. हे आधी माहीत असेल तर निम्मी धास्ती कमी होते.

“कॅप्चर आहे.” म्हणजे बाहेरून दिलेला प्रत्येक ठोका हृदयानं घेतला. मला ते स्पष्ट कळलं. छातीत नेहमीची लय गेली आणि दुसरीच, घट्ट, एकसुरी लय आली. मानेत प्रत्येक ठोक्याला धक्का बसत होता. खालचा कप्पा आधी आकुंचतो, वरचा त्याच वेळी बंद झडपेवर ढकलतो, म्हणून तो धक्का मानेतल्या शिरांत येतो. माझ्या झटक्यातही हेच व्हायचं, त्यामुळे अंगावर काटा आला. संशोधक डॉक्टर माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. त्यांनी हात धरला आणि म्हणाल्या, “हा वेग आमच्या हातात आहे. सांगाल त्या क्षणी थांबवते.”

तीन मिनिटं सहाशेवर. मग “चारशेसाठ”, म्हणजे मिनिटाला १३०. बदल एका ठोक्यात होतो, मध्ये काही नाही. पहिली वीसेक सेकंद जीव घाबरा झाला, कानात हवा भरल्यासारखं. मग वेग तोच असून बरं वाटू लागलं. ते रक्तदाब सावरल्यामुळे, क्यूटीचं आखडणं अंगाला कळत नाही.

आणि दीड मिनिटानंतर मधेच एक आगंतुक ठोका पडला आणि झटका सुरू झाला. तोच, माझा, ओळखीचा. काचेपलीकडे हालचाल झाली, त्यांनी त्याहून जलद ठोके देऊन दोन-तीन सेकंदांत तो मोडला. उपचाराच्या दृष्टीनं हे चांगलंच होतं, निदान डोळ्यांसमोर पक्कं झालं. मोजणीच्या दृष्टीनं मात्र ती खेप फुकट गेली.

मी विचारलं, लगेच पुन्हा सुरू करायचं का? संशोधक डॉक्टर म्हणाल्या, “नाही. आत्ता काही मिनिटं याच्यावर त्या वेगाचा असर राहील. आधी तो उतरू दे.” त्यांनी मला पुन्हा नीट विचारलं, ठरलेल्यापेक्षा वेळ वाढेल, चालेल का, की इथेच सोडून उपचाराकडे वळू? मी दोन मिनिटं मागितली. कोणीही घाई केली नाही. मग मी हो म्हटलं. दहा मिनिटं आम्ही सगळे गप्प बसलो. यंत्राचा टिकटिक आवाज आणि मी.

दुसरी खेप पूर्ण झाली. तीन मिनिटं सहाशे, तीन मिनिटं चारशेसाठ, आणि परत सहाशे. परतीची तीन मिनिटं संपली तेव्हा संशोधक डॉक्टरांनी पडद्याकडे बघून विचारलं, “अजून दोन मिनिटं देता?” मी दिली.

पुढचं लवकर सांगते, कारण अ‍ॅब्लेशनबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. झोपेचं हलकं औषध दिलं. पुन्हा झटका सुरू करून पाहिला, जागा शोधली, उष्णता दिली तेव्हा छातीत मध्यभागी ऊब आणि घशाशी बोथट दुखल्यासारखं जाणवलं. मग डॉक्टर अर्धा तास थांबले आणि आयसोप्रेनॅलिन हे ठोके वाढवणारं औषध देऊन झटका सुरू करायचा पुन्हा प्रयत्न केला. झटका सुरू होईना. सव्वाबाराला मी बाहेर, त्यानंतर सहा तास पाय सरळ ठेवून आडवी.

वॉर्डातला एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. दोनच्या सुमारास ईसीजी काढला आणि ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर कागद बघतच राहिले. पायाकडच्या लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे खालून बघणाऱ्या नोंदींमध्ये, टी लाट उलटी झाली होती, सकाळी ती सरळ होती. त्यांनी रक्ततपासणी लिहिली, छातीत दुखतंय का असं तीनदा विचारलं, आणि ताईचा चेहरा पांढरा पडला. पाऊण तासानं मोठे डॉक्टर आले. त्यांनी पेसिंग, म्हणजे सकाळी तारेतून ठोके देणं, चालू असतानाची नोंद मागवली आणि दोन्ही कागद शेजारी धरून आम्हाला दाखवले. पेसिंगमध्ये ज्या लीडमध्ये मोठी लाट खाली जात होती, त्याच लीडमध्ये आता टी खाली होती. ठोके परत नेहमीच्या वाटेनं जात होते, पण पूर्ववत होण्याची रीत अजून पेसिंगची होती.

याला ‘कार्डियाक मेमरी’ म्हणतात, हृदयाची स्मृती. हे नाव रूढ केलं अर्जेंटिनाच्या मॉरिसियो रोझेनबॉम यांनी, १९८२ मध्ये. थोड्या वेळाच्या पेसिंगनंतर ती थोडा वेळ राहते, बरेच दिवस पेसिंग झालं तर कित्येक आठवडे. माझी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेली होती. पेसिंग झालेल्या कोणाचा ईसीजी नंतर दुसरीकडे निघणार असेल, तर ‘मला अमुक तारखेला पेसिंग झालं होतं’ हे वाक्य आधी सांगा. उलटी टी बघून हृदयविकाराचा झटका समजला जाऊ शकतो. आणि खरंच छातीत दुखत असेल, तर मेमरी असेल असं स्वतः ठरवून घरी बसू नका.

२५ ला सुट्टी मिळाली. बिल अंदाजापेक्षा थोडं जास्त आलं, एका तारेच्या किमतीमुळे. संशोधनाचा अर्धा तास त्यात नव्हता, मी ओळ न् ओळ तपासली. आठवडाभर जड उचलायचं नव्हतं. जांघेत निळा डाग दहा दिवस राहिला.

माझी नोंद मिळायला सहा आठवडे लागले. नैतिकता समितीची परवानगी आधीच होती, पण नाव काढलेल्या फाइलमधून माझी फाइल ओळखून मला द्यायची कशी, हा त्यांच्यासाठी नवा प्रश्न होता. मी दर सोमवारी एक नम्र मेल करत राहिले. ६ मेला, तपासणीच्या दिवशी, संशोधक डॉक्टरांनी आलेखाचा कागद स्वतः माझ्यासमोर ठेवला.

सहाशेवर तीन मिनिटं झाल्यावर क्यूटी ३९८. (पेसिंगमध्ये टोकदार लाटच रुंद असते, म्हणून हे आकडे साध्या ईसीजीशी ताडायचे नाहीत, एकमेकांशीच ताडायचे.) चारशेसाठवर गेल्या गेल्या पहिल्या काही ठोक्यांत तो ३८४ वर उतरला, एका पायरीसारखा. नंतर पायरी संपली आणि उतार सुरू झाला. अर्ध्या मिनिटाला ३७४, एका मिनिटाला ३६७, तीन मिनिटांना ३५६. दुसऱ्या मिनिटानंतर रेघ जवळजवळ सपाट.

मी विचारलं, एकच वेग आणि दोन चाली कशा?

त्यांनी कागदाच्या मागे चित्र काढलं. पायरी ही पेशीच्या आवरणातल्या दारांची. आधीच्या ठोक्यानंतर विश्रांती कमी मिळाली, तर कॅल्शियम आत आणणारी दारं पूर्ण सावरलेली नसतात आणि पोटॅशियम बाहेर सोडणारी काही दारं अजून पूर्ण मिटलेली नसतात. त्यामुळे पुढचा ठोका लगेचच लवकर आटोपतो. उतार हा सोडियमचा. प्रत्येक ठोक्यात थोडं सोडियम पेशीत शिरतं. ठोके वाढले की ते साचू लागतं, आणि ते बाहेर टाकणारा पंप जास्त काम करू लागतो. हा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, म्हणजे प्रत्येक फेरीला एक धन भार बाहेर. जितका पंप जोरात, तितकी पेशी लवकर पूर्ववत. पण सोडियमची नवी पातळी ठरायलाच काही मिनिटं जातात, म्हणून क्यूटीलाही तितकीच लागतात. ही दोन-तीन मिनिटं कुठून येतात, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं समजलं. चिमूटभर मीठ आणि एक पंप. मी ते चित्र मागून घेतलं.

वेग हे एकमेव कारण नाही, हेही त्यांनी सांगितलं. ब्रिटनमधले अँथनी रिकर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९८१ मध्ये दाखवलं, की पेसमेकरनं वेग बांधून ठेवलेला असला तरी व्यायाम करताना क्यूटी आखडतो, कारण अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं त्याला थेट आखडवतात. त्यांनी त्याचाच उपयोग करून क्यूटी बघून वेग ठरवणारा पेसमेकर सुचवला, आणि तसे पेसमेकर पुढे माणसांना बसवलेही गेले. मला यातलं इतकंच पुरलं, की टेबलावरची माझी धास्तीही त्या आकड्यांमध्ये कुठेतरी असणार. संशोधक डॉक्टरांनी होकार दिला. म्हणूनच वेग वाढवतानाची आणि कमी करतानाची, दोन्ही बाजूंची मोजणी एकाच खेपेत, एकाच माणसात करतात.

नव्या औषधांच्या चाचणीतही हा अडथळा येतो. २००५ पासून बहुतेक नव्या औषधांचा क्यूटीवरचा परिणाम तपासून घ्यावा लागतो. औषधानंच ठोके वाढत असतील तर क्यूटी खरंच लांबला की नुसता मागे राहिला, हे वेगळं काढायचं काम असे आलेख करतात. माझा कागद त्यातला एक आहे याचं मला समाधान वाटतं.

त्याच दिवशी साधा ईसीजीही होता. मी आडवी झाले आणि तारा लावणाऱ्या बाईंना म्हटलं, “पाच मिनिटं थांबून काढाल का?” बाहेर रांग होती. त्यांनी घड्याळ बघितलं, पडदा ओढला आणि स्टूलवर बसल्या. ठोके ६८, क्यूटीसी ४२१.

घरी येऊन मी आलेखाची परतीची बाजू पुन्हा पुन्हा बघितली. चारशेसाठवरून सहाशेवर येताना क्यूटी पहिल्या ठोक्यांत ३६८ झाला, मग एका मिनिटाला ३८२, दोन मिनिटांना ३९०. जाताना दोन मिनिटांत जेवढं अंतर कापलं, तेवढं येताना तीन मिनिटांत. दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या तर जुळत नाहीत, मधे पानासारखी निमुळती जागा उरते. दमवणं लवकर होतं, सावरणं सावकाश. तीन मिनिटांना ३९४, अजून चार कमी. तिथे पेन्सिलीची एक उभी रेघ आहे, ठरलेली मोजणी संपल्याची. त्या रेघेच्या उजवीकडे माझी जास्तीची दोन मिनिटं आहेत, आणि त्यांच्या टोकाला, पाचव्या मिनिटाला, ३९८.